सकाळचा चुडा

माझं नाव कडूबाई. माझ्याआधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापानं असं नाव ठेवलं, आणि पुढं माझी जीभ त्या नावाला जागली. औरंगपुऱ्याच्या एका बोळात साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीवर टांगलेली रंगीत रिळं. त्याला लागून हसीनाचं बांगड्यांचं दुकान. मध्ये फक्त एक पत्रा. तेवीस वर्षं आम्ही दोघी त्या पत्र्याच्या दोन बाजूंना बसलोय. पत्रा ठोकताना माझ्या बाजूनं चार बोटं जागा गेली, असं माझं म्हणणं होतं, त्यामुळं आमची ओळखच भांडणानं झाली.

हसीना मणियारीण. बांगडी भरायची कला तिनं सासूकडून घेतली. ज्या बायका डब्यातल्या बांगड्या विकत घेऊन घरी आपल्या आपण चढवतात, त्यांना ही कला सांगून कळायची नाही. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी बांगड्यांची मापं असतात. आकडा लहान तितकी बांगडी लहान. हसीना बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबायची आणि माप सांगायची. तिचा कायदा असा होता, की जी बांगडी आपल्या हातात शिरणारच नाही असं बाईला वाटतं, तेच तिचं खरं माप. एकदा मनगटावर गेली की धुणीभांडी केली, शेण थापलं, लेकरू न्हाऊ घातलं, तरी ती उतरता कामा नये. काचेची बांगडी फुटली असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. हसीनानं भरलेली बांगडी वाढायची, पण निघायची नाही.

दुसरे दुकानदार हाताला साबण लावतात, कुणी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बांगडी सरकवतात. हसीनाला त्याचा भारी राग.

"साबण धुण्याला लागतो ताई," ती म्हणायची. "हाताला बोलणं लागतं. बाईच्या मुठीत भीती असते. ती गेली की हाडं आपोआप वाट देतात."

म्हणून ती बोलायची. नवरीला विचारायची, "काय गं, पसंत कुणी केला, तू का तुझ्या बापानं?" नवरी लाजून हसली, की त्या हसण्यात बांगडी पार. सासुरवाशिणीला विचारायची, "सासू चांगली हाय का? खरं सांग." ती बाई सासूचं गाऱ्हाणं सांगत बसायची आणि इकडं अर्धा डझन बांगड्या चढलेल्या असायच्या. त्या बडबडीपायी मी एकदा जांभळ्या साडीला हिरवा फॉल लावला होता. पत्र्यावर थापा मारून मी ओरडायची, "जरा तोंडाला कुलूप लाव की!" पलीकडून उत्तर यायचं, "चावी तुझ्याकडंच आहे ताई, आधी तुझं लाव."

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत मानाची राजाबाई. गंगापूरच्या पुढं त्यांची धनगरवस्ती आहे, घरात शेळ्या-मेंढ्या. वर्षातून दोनदा ती जीपनं यायची आणि बांगड्या भरून जायची. नवी नवरी होती तेव्हा हसीनाच्या सासूनं तिला भरल्या, मग पंचवीस वर्षं हसीनानं. तिची लेक शालू पाच वर्षांची असताना आईबरोबर आली आणि बांगड्यांसाठी दुकानात लोळण घेऊन रडली. हसीनानं तिला बाळमापाच्या चार बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "रडू नको. तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरणार. दुसऱ्याच्या हातानं भरलास तर बघ." पोर लगेच गप झाली. राजाबाईनं ते वाक्य पक्कं धरून ठेवलं. त्या माणसांत बोललेलं वाक्य हवेत जात नाही. गेल्या वर्षी शालूचं लग्न ठरलं, वैशाखातलं, तेव्हा राजाबाईनं सोयऱ्यांच्या आधी हसीनाला सांगितलं होतं.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास हसीनाच्या हातात बांगड्या वाढायला लागल्या.

भरताना डझनात एखादी जातेच, ते कुणी मनावर घेत नाही. पण आता तीन-तीन, चार-चार जायला लागल्या. माझ्या बाजूला पत्र्यातून तो कडकड आवाज यायचा. हसीनानं दोष दिला मालाला. "फिरोजाबादहून कच्चा माल आलाय बघ ताई, काच भाजलीच नाही नीट." तिनं घाऊक व्यापारी नवाबभाईला बोलावून चार पेट्या परत दिल्या. तो बिचारा शपथा घेत होता, एक-एक बांगडी काउंटरवर नाणं टाकावं तशी टाकून तिचा आवाज ऐकवत होता. "भाभी, देखो तो सही, माल एक नंबर है." बांगडी चांगली खणखणत होती. पण मी मध्ये पडले आणि नवाबभाईला असं काही सुनावलं की तो पेट्या उचलून निघूनच गेला. माझा त्या मालाशी काही संबंध नव्हता. भांडण दिसलं की मला राहवत नाही, एवढंच.

दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल आला. त्याही बांगड्या वाढल्या.

मग तिचा डावा डोळा झाकायला लागला. सकाळी उघडा, दुपारनंतर पापणी खाली. त्यात तिला एकाचे दोन दिसायचे, समोर एक हात धरलेला असला तरी दोन दिसायचे, म्हणून ती एक डोळा मिटून बांगड्या भरायची. एका नवरीची मावशी म्हणाली, "अगं, पोरीला डोळा काय मारते?" चष्मा झाला. शक्तीची इंजेक्शनं झाली. तिच्या नवऱ्यानं, मुनीबभाईनं, नजर उतरवली. मी माझ्याकडून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. आमच्याकडचं काहीच बाकी ठेवलं नाही. फरक कशानंच पडला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

जानेवारीत माझ्या मोनिकाला जिल्हा परिषदेत लिपिकाची नोकरी लागली. बाप नसलेली पोर, मशीनच्या पायट्यावर वाढलेली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी सगळ्यांत आधी हसीनाकडं गेले. तिनं पेढा तोंडात घातला, दोनदा चावला, आणि मग ओढणी तोंडाशी नेऊन हळूच त्यात काढून टाकला. मी बघितलं. मग ती माझ्याकडं बघून हसली, आणि ते हसणं हसण्यासारखं नव्हतंच. वरचा ओठ वर गेला, दात दिसले, पण ओठांची टोकं जागची हलली नाहीत. कुणी हिणवून दात दाखवावेत तसं. मनात म्हटलं, हिची लेक लुबना अजून औषधांच्या कॉलेजात शिकतेय आणि माझी पोर नोकरीला लागली, ते हिला गिळेना. पेढा गिळेना म्हणजे काय, ते असं.

मी काही बोलले नाही. माझ्या तोंडून शिवी आली तर घाबरू नये, मी गप्प झाले की घाबरावं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. संध्याकाळी पत्र्यापलीकडून "ताई" म्हणून हाक यायची. आवाजही बदललेला, नाकातून आल्यासारखा. मला वाटलं, मुद्दाम तसं बोलतेय. मी मशीन जोरात चालवायची.

त्या दिवसांतच एका सकाळी राजाबाई आली. हंगाम नसताना आली. दुकानासमोर उभी राहून तिनं मूठ उघडली. तळहातावर एक अख्खी हिरवी बांगडी.

"भाभी, ही निघाली," ती म्हणाली. "धुणं धुताना पाण्यात निघाली. पंचवीस सालात पयल्यांदा."

मी पत्र्याआडून कान लावून होते. हसीना म्हणाली, "दिवाळीला तुला दोन-सहाच्या भरल्या, राजाबाई. तुझं माप दोन-चार. हातात जोर राहिला नव्हता. म्हटलं वाढण्यापेक्षा ढिली बरी. मला वाटलं, तुला कळणार नाही."

मणियारणीनं मापात एक आकडा वर जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सोनारानं सोन्यात कमी करावं, त्याच्याइतकंच वाईट. राजाबाई ओरडेल असं मला वाटलं. ती आत जाऊन बसली आणि हात पुढं करून म्हणाली, "बरं. आता भर."

सकाळचे साडेनऊ झाले असतील. हसीनानं त्या हातात दोन-चारच्या आठ बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही. राजाबाईनं हात खाली सोडून झटकला, बांगड्या जागच्या हलल्या नाहीत. मग ती लग्नाच्या साड्या घ्यायला गेली, चार साड्या माझ्याकडं फॉलला टाकल्या, आणि पाचच्या सुमाराला न्यायला परत आली. जाता जाता तिनं दुसरा हात हसीनापुढं केला. "हा बी भरून टाक."

पहिली वाढली. दुसरी वाढली. तिसरीचा तुकडा राजाबाईच्या मनगटात घुसला. हसीना एका हातानं हनुवटी धरून बसली होती, मान पेलत नसल्यासारखी. पापणी डोळ्यावर उतरलेली. "माफ कर," ती म्हणाली, पण ते नाकातून असं निघालं, की शब्द ओळखू येईना.

राजाबाईनं रक्त पदराला पुसलं आणि सरळ माझ्या दुकानापुढं येऊन उभी राहिली.

"तू शेजारची ना गं? तुला दिसत नाय? सकाळची ही अन् आत्ताची ही, दोन निराळ्या बाया हायेत. सकाळी कळपाच्या म्होरं चालणारी शेळी सांच्याला मागं पडाया लागली, तर ती माजली नसती. तिच्या अंगात कायतरी शिरलेलं असतं. तिला गुराच्या डॉक्टराला दाखवतेत. तिच्यावर रुसून बसत नसतेत."

मी रुसले होते हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार. मला दिसत होतं हो सगळं. रोज दिसत होतं. मी त्याचा अर्थ वाकडा लावत बसले होते. मशीनवर साडी तशीच टाकून मी पत्र्याच्या त्या बाजूला गेले, आणि हसीनाची मान माझ्या खांद्यावर टेकवून बसले. माफीचा शब्द मात्र निघाला नाही. तो शब्द माझ्या जिभेला कधी वळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लुबना, मी आणि हसीना मोठ्या दवाखान्यात गेलो. मेंदू आणि नसांची डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मोनिकापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आधीच्या सगळ्या डॉक्टरांना आम्ही सांगितलं होतं की डोळा झाकतो, हात दुखतात, अशक्तपणा आहे. या वेळी मी राजाबाईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सकाळची ही आणि संध्याकाळची ही, दोन निराळ्या बायका आहेत. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

तिनं हसीनाला छताकडं बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली. एकपासून पन्नासपर्यंत मोठ्यानं मोजायला लावलं. तीसच्या पुढं आवाज नाकात गेला. मग तिनं रबराच्या हातमोज्यात बर्फ भरला आणि त्या पापणीवर ठेवला. दोन मिनिटांनी काढला, तर डोळा उघडा. पूर्ण उघडा. लुबना रडायलाच लागली. हसीना म्हणाली, "अगं, एकच डॉक्टर दिसतेय आता." 

पुढं रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. डॉक्टरणीनं समजावलं ते असं, की नस हुकूम देते आणि स्नायूनं तो ऐकायचा असतो. पण शरीराचे स्वतःचेच पहारेकरी उलटलेत, त्यांनी स्नायूचे कान बुजवलेत. सकाळी ताज्या दमात थोडं ऐकू जातं, काम करत गेलं की तेही जात नाही. पापणी, जबडा, गिळणं, हसणं, सगळ्याला स्नायू लागतात.

"हसणं पण?" मी विचारलं.

"हो. हसायला जावं आणि तोंड वेडंवाकडं व्हावं. लोकांना वाटतं, माणूस हिणवतोय."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. पत्र्याच्या त्या बाजूनं ती हाक मारत होती आणि या बाजूला मी मशीन जोरात चालवत होते. हाक येऊनही कान बुजवून बसणं म्हणजे काय, ते मला डॉक्टरणीपेक्षा जास्त कळलं होतं.

मग छातीचा स्कॅन झाला आणि त्यात आणखी एक निघालं. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती पहारेकऱ्यांना आपलं कोण नि परकं कोण ते शिकवते, आणि माणूस मोठं झालं की सुकत जाते. हसीनाच्या त्या ग्रंथीत गाठ धरली होती. थायमोमा. मुळात हा आजारच विरळा, आणि तो झालेल्यांतही दहात एखाद्याला अशी गाठ निघते, असं डॉक्टरीण म्हणाली. गाठ काढावीच लागणार होती. छातीचं हाड उघडून. तेही आधी गोळ्यांनी अंगात जोर आणल्यावर, कारण श्वासालाही स्नायूच लागतात.

त्या दिवशी बरोबर आलेले मुनीबभाई खुर्चीला धरून उभे होते. हसीनानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मॅडम, वैशाखात एका पोरीचा चुडा भरायचाय. हात येतील?"

डॉक्टरीण खरं बोलणारी होती. "वचन देत नाही. ऑपरेशनचा गुण यायला महिने लागतात, कधी वर्षही. गोळी घेतल्यावर तास-दोन तास जोर राहील. त्यात जे होईल ते."

"दोन तास," हसीना माझ्याकडं वळून म्हणाली. "एका चुड्याला कितीसा वेळ लागतो, ताई?"

फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं. गाठ आपल्या आवरणात बंद होती, अख्खी निघाली. पण त्यानंतर दोन दिवस तिला श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. तोंडात नळी, सगळीकडं वायरी. एवढी बोलकी बाई, आणि आवाज फक्त मशीनचा. मी नुसता हात पुढं केला. तिनं तो धरला. अंगठा हळूहळू सरकवत माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आणला आणि दाबला. दाबला कसला, नुसता टेकवला. मी तिला ओळखते. माप घेत होती.

"दोन-सहा ना?" मी म्हटलं.

तिनं डोळ्यांनीच नाही म्हटलं. मग दोन बोटं वर केली. मग थांबून, दम घेऊन, आधी पाच आणि मग तीन. दोन-आठ. म्हणजे मी जाड झालेय. त्या अतिदक्षता विभागात मी एवढ्या मोठ्यानं हसले की सिस्टरनं मला बाहेर काढलं, आणि बाहेर आल्यावर जिन्यात बसून मी जी रडले, ती मोनिकाचे वडील गेले तेव्हाही रडले नव्हते.

नंतरचे दोन महिने मी दोन दुकानं सांभाळली. डब्यातल्या बांगड्या विकायची, भरून द्यायची नाही. एकदा एका बाईनं फारच गळ घातली म्हणून प्लास्टिकची पिशवी लावून प्रयत्न केला आणि सहापैकी पाच वाढवल्या. बाई पुन्हा त्या बोळात फिरकली नाही. दुकान बंद करून गारखेड्याला घरी जाण्याआधी मी रोज हसीनाकडं डोकवायची. तिच्या गोळ्यांच्या वेळा माझ्याही मोबाईलमध्ये लावल्या होत्या. गोळी, मग अर्ध्या तासानं जेवण, म्हणजे चावता येतं. उशीवर ठेवलेल्या तांदळाच्या पुरचुंडीवर बांगडी चढवून ती सराव करायची. दिवसाला एक, मग तीन, मग सहा. कधी चांगला दिवस, कधी एकही नाही. एप्रिलमध्ये एका वाईट दिवशी ती म्हणाली, "राजाबाईला सांग ताई, दुसरी बघ म्हणावं. पोरीच्या चुड्यात अपशकुन नको."

मी निरोप पाठवला नाही, स्वतः फोन केला. राजाबाईनं सगळं ऐकलं. आमच्याकडं चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर भरतात, पाहुणे जमल्यावर. ती म्हणाली, "सकाळी भरू. पाव्हण्यांना त्याच्या आदल्या दिशीच मुक्कामाला बोलावते."

"लोक मुहूर्ताचं विचारतील," मी म्हटलं.

"मुहूर्त हाताचा असतो," ती म्हणाली. "भाभीला म्हणावं, ये."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही जीपमध्ये बसलो. मांडीवर बांगड्यांची पेटी, पर्समध्ये गोळ्या. गंगापूर मागं पडल्यावर हसीनानं गोळी घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक अडचण आहे ताई. बोलत भरलं तर दम संपतो. तोंड चालवायचं का हात, एकच होईल. आणि न बोलता मी कधी भरलंच नाही."

वस्तीवर अंगणात घोंगडं अंथरलेलं होतं. पहिल्या पाच बांगड्या देवीच्या नावानं बाजूला ठेवल्या, ती रीत. मग शालू समोर येऊन बसली. हळदीनं पिवळी झालेली, बावीस वर्षांची, अंगणवाडीतल्या पोरांना दटावणारी पोर, पण हात बघाल तर थंडगार. तिला सगळं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. वीस-पंचवीस बायका भोवती बसलेल्या आणि कुणी शब्द बोलत नाही, देवळातसुद्धा एवढं शांत नसतं.

"बिस्मिल्ला," हसीना पुटपुटली आणि पहिली बांगडी घातली. दोन-चार. राजाबाईनं दोन-सहा चालेल असं आधीच सांगितलं होतं, तरी दोन-चारच.

उजव्या हातात दहा गेल्या. हळू, पण गेल्या. डाव्या हातात अकरा घालायच्या होत्या, शेवटची हसीनाची स्वतःची, तिच्याकडून वरची एक. डाव्या हातात सहा झाल्या आणि तिनं हात मांडीवर ठेवला. दम घेतला. पापणी थोडी खाली आली होती. सातवी घालायला गेली आणि शालूच्या अंगठ्यापाशी ती कडकन वाढली. मागं एक म्हातारी काहीतरी कुजबुजली. राजाबाईनं मान न वळवता म्हटलं, "गप."

हसीनानं तुकडे उचलले. मला दिसत होतं, पोरीची मूठ दगडासारखी झालीय. आता दोन-चार शिरणार नाही. हसीनाला माझ्याआधी कळलं असणार. तिनं माझ्याकडं बघितलं.

"ताई," ती म्हणाली. "बोल."

"काय बोलू?"

"तुला कधीपासून विचारावं लागायला लागलं?"

दोन-चार बायका फिसकन हसल्या. मी तेवीस वर्षं पत्र्याआडून तिची बडबड ऐकली होती, पण त्या क्षणी एक वाक्य आठवेना. पोटात एकच गोष्ट होती, गेले चार महिने अडकून पडलेली, तीच वर आली.

"शालू, तुला सांगते," मी म्हटलं, "ही जी तुझी भाभी आहे ना, हिच्यावर मी रुसले होते. का, तर हिनं माझा पेढा थुंकला. माझ्या पोरीच्या नोकरीचा पेढा! मला वाटलं, जळते मेली. वर माझ्याकडं बघून असे दात काढले." मी तोंड करून दाखवलं. बायका हसल्या. शालूच्या ओठांचा कोपरा हलला. सातवी गेली. "आता मला सांग, माणसाला गिळता येत नसेल तर ते पेढा गिळणार कसं? पण माझी अक्कल! ही आजारानं हाक मारायची आणि मी मशीन चालवायची, खर्रर्र! एका बाईच्या ब्लाऊजला त्या रागात मी पिको केला, ब्लाऊजला! बाईनं विचारलं, हे काय, तर म्हटलं नवीन फॅशन आहे." शालू हसली. आठवी, नववी. "आणि ती बाई खुश होऊन आणखी दोन ब्लाऊज घेऊन आली!" आता सगळं अंगण हसत होतं आणि माझे डोळे वाहत होते, ते मला नंतर कळलं. दहावी. "चुकलं माझं, हसीना. पंधरा-वीस दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तुझा डोळा मिटत होता आणि आंधळी मी झाले होते. चुकलं माझं."

शालू हसत हसत दुसऱ्या हातानं डोळे पुसायला लागली. तिची मूठ सुटली. हसीनानं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि वरची एक अलगद मनगटावर गेली.

राजाबाई पुढं आली. तिनं लेकीचे दोन्ही हात धरून खाली सोडले आणि झटकले, एकदा, दोनदा. एकवीस बांगड्या वाजल्या आणि जागच्या जागी राहिल्या. शालू पाया पडायला वाकली, तर हसीनानं तिचं डोकं अर्ध्यातच धरून छातीशी घेतलं, जिथं टाक्यांचा व्रण होता तिथंच.

मग मान माझ्याकडं वळवून ती बोलली. आवाज दमलेला होता, थोडा नाकातलाच, पण शब्द स्वच्छ होता.

"एकवीस, ताई."

"बांगड्या ना? मोजल्या मी."

"बांगड्या नाही गं. दिवस. पंधरा-वीस नाही, एकवीस."

आणि ती हसली. मी या वेळी नीट बघितलं. ओठांची दोन्ही टोकं वर गेली होती.